हिरवेपणाची पारख

फेब्रुवारी लागला की जत तालुक्यात बेदाण्याच्या शेडवर लगबग सुरू होते. सांगली जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला पाऊस तुटपुंजा, हवा कोरडी आणि उन्हाळा कडक. बाकीच्या पिकांना जे जड जातं तेच बेदाण्याच्या पथ्यावर पडतं. तोडलेली द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात दोन-चार मिनिटं बुडवायची, एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पातळ पसरायची आणि थेट ऊन लागू न देता वाऱ्यावर सुकवायची. पंधरवड्यात चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. उघड्या उन्हात टाकला तरी बेदाणा होतोच, पण तपकिरी पडतो. सावली, वारा आणि डिपिंग यांचा सगळा खटाटोप हिरवा रंग टिकवण्यासाठी, कारण भाव त्या रंगाला मिळतो.

सौद्यात व्यापारी मालाची पेटी उघडतो तेव्हा काय करतो ते नीट पाहण्यासारखं असतं. मूठभर मणी तळहातावर घेऊन उजेडात फिरवतो: रंग एकसारखा आहे की डागी मणी मिसळलेत? मूठ दाबून सोडतो: मणी सुटे झाले तर ओल बेताची, गोळा झाला तर जास्त. नाकाशी नेतो: गंधकाचा उग्रपणा, कुबटपणा आहे का? शेवटी एक मणी दाताखाली धरतो: साल जाड लागते का, गोडीमागून आंबटपणा येतो का? हे सगळं होतं अर्ध्या मिनिटात. त्याला कुणी ‘संवेदी परीक्षण’ म्हणत नाही, पण आहे ते तेच. डोळा, हात, नाक आणि जीभ यांना पाळीपाळीने कामाला लावायचं आणि प्रत्येकाच्या उत्तरावरून माल कसा तयार झाला असेल याचा माग काढायचा.

या प्रकरणात हीच पद्धत एका परक्या हिरव्या पदार्थाला लावून पाहू: जपानी माचा, म्हणजे हिरव्या चहाची पीठ केलेली पूड. पुण्या-मुंबईच्या कॅफेंतून ती आता दुधाबर्फात घालून मिळते, ऑनलाइन मागवली की सांगली-जतलाही घरपोच येते. डबीवर मोठमोठी विशेषणं छापलेली असतात. त्यांवर विश्वास न ठेवता, स्वतःच्या जिभेने तिचा दर्जा कसा ठरवायचा?

सावली कधी धरायची

बेदाणा आणि माचा, दोघांचा हिरवेपणा सावलीत जपला जातो. फरक आहे तो सावली कधी धरली जाते यात. बेदाण्याला तोडणीनंतर सावली मिळते, माचाला तोडणीआधी.

वसंतात चहाच्या झुडपांना नवी पालवी फुटू लागली की माचासाठी राखलेल्या मळ्यावर आच्छादन घालतात. पूर्वी ते बोरूच्या चटया आणि भाताच्या काडाचं असे, आता बहुतेक ठिकाणी आपल्याकडच्या शेडनेटसारखं काळं कापड असतं. साधारण तीन आठवडे पानांना अंधुक उजेडच मिळतो. कमी उजेडात भागवायचं म्हणून पान जास्त हरितद्रव्य तयार करतं आणि गडद हिरवं होतं. दुसरा बदल डोळ्यांना न दिसणारा, पण चवीच्या दृष्टीने मोठा. चहाच्या मुळांत थिअनिन नावाचं अमिनो आम्ल तयार होऊन पानांत चढतं. भरपूर उन्हात त्याचा बराचसा भाग मोडतो आणि पुढे कॅटेचिन या कडू-तुरट द्रव्यांच्या घडणीत खर्ची पडतो. सावलीत ही खर्चाची बाजू मंदावते. म्हणून सावलीतलं पान चवीला भरीव आणि सौम्य, तर उन्हातलं कडक आणि तुरट.

खुडलेली पानं लगेच काही सेकंद वाफवतात. कापलेलं सफरचंद ज्या एन्झाइममुळे काळं पडतं, तसलंच एन्झाइम चहाच्या पानात असतं, वाफेने ते निकामी होतं आणि हिरवा रंग टिकतो. मग पानं न वळता सुकवायची आणि देठ-शिरा काढून टाकायच्या. उरलेल्या नुसत्या पातळ चकत्यांना तेन्चा म्हणतात. ही तेन्चा दगडी जात्यात दळली की माचा. जातं सावकाश फिरतं, तासाला फार तर 40 ग्रॅम पूड पडते. वेग वाढवला तर दगड तापतो आणि पूड करपते.

बेदाण्यात एन्झाइम मारलेलं नसतं. डिपिंगमुळे सालीवरच्या मेणातून पाणी भराभर बाहेर पडतं, आणि रंग काळवंडायला पुरेसा वेळ मिळायच्या आत मणी सुकतो. शिवाय तोडणीनंतरची सावली आहे ते राखते, नवं काही देत नाही. द्राक्ष कच्चं तोडलं असेल तर बेदाणा हिरवागार होईल, पण आंबट आणि चामट लागेल. म्हणूनच मुरलेला व्यापारी रंग पाहून थांबत नाही, मणी चावून पाहतो. माचाच्या बाबतीतही हेच सांभाळायचं. रंग हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

जीभ, नाक आणि गालफडं

चव म्हणून आपण जे सांगतो त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली, जिभेला कळणाऱ्या मूळ चवी: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. शेवटची 1908 मध्ये टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या अर्कातून वेगळी काढली. ती ग्लुटामेटची चव. पिकल्या लाल टोमॅटोच्या सारात, सुकटीच्या कालवणात जो भरीवपणा तोंडभर रेंगाळतो, त्यात तिचा मोठा वाटा असतो. माचात ती ग्लुटामेट आणि थिअनिन यांच्यामुळे येते. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा जो नकाशा पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं छापला गेला, तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

दुसरी, वास. नाक घट्ट दाबून एक बेदाणा चावा. गोड कळेल, थोडं आंबट कळेल, आणि तेवढंच. आता नाक सोडा. द्राक्षाचा वास, सालीचा वास, गंधकाची धुरी दिली असेल तर तिची छटा, सगळं एकदम तोंडात आल्यासारखं वाटेल. ते आलेलं असतं घशाच्या मागच्या वाटेने नाकात. चवीतली बहुतेक बारकाई या मागच्या दाराने येते.

तिसरी, स्पर्श. आयुर्वेदाने कषाय, म्हणजे तुरट, हा सहा रसांत धरला. आजचं शरीरशास्त्र तुरटपणा मुख्यतः स्पर्शात मोजतं. लाळेतल्या प्रथिनांमुळे तोंड बुळबुळीत राहतं. कॅटेचिन त्या प्रथिनांना चिकटतात, वंगण जातं आणि गालफडं आक्रसल्यासारखी होतात. डाळिंबाच्या आतल्या पांढऱ्या पापुद्र्याचा तुकडा चघळला की हे लगेच कळतं, आणि जतच्या डाळिंबबागेत त्याची वाण नाही. कडू आणि तुरट यांची गल्लत फार होते. कडू जिभेवर बसतं, तुरट गालांना आणि हिरड्यांना धरतं, शिवाय उशिरा येतं आणि घोटागणिक वाढत जातं. माचा तपासताना हे दोन वेगळे सांगता आले की अर्धी लढाई जिंकली.

शब्दामागे वस्तू हवी

व्यावसायिक परीक्षक मंडळात कुणी ‘छान’ किंवा ‘रिफ्रेशिंग’ म्हणालं तर ते नोंदीत धरत नाहीत. तिथे प्रत्येक शब्दामागे हाताशी ठेवता येईल अशी वस्तू असते. ‘हिरवट’ म्हणजे नक्की काय, हे सगळ्यांनी एकच वस्तू हुंगून ठरवलेलं असतं. मग दहा जणांच्या दहा जिभा एकच भाषा बोलू लागतात.

माचासाठी लागणाऱ्या अशा बहुतेक वस्तू जतच्या शिवारात मिळतात. ताजं कडवळ, म्हणजे चाऱ्याची हिरवी ज्वारी, विळ्याने कापताना जो हिरवा, ओलसर वास सुटतो तो पान कापलं गेल्यावर तयार होणाऱ्या काही उडून जाणाऱ्या द्रव्यांचा. चांगल्या माचात त्याची हलकी झाक असते. जास्त झाली तर पूड कच्ची वाटते. तेच ज्वारीचं ताट वाळून त्याचा कडबा झाला की वास बदलतो: कोरडा, फिका, किंचित धुळकट. उघड्या डबीत महिनोन्‌महिने पडलेल्या माचाला नेमका हा वास येतो. कडवळ आणि कडबा यांच्या मधल्या वाटेवर नमुना कुठे उभा आहे, हे सांगता आलं की तो किती ताजा आहे हे कळलं.

तिसरी वस्तू म्हणजे मक्याचं उकडलेलं कणीस. पातेल्याचं झाकण काढताच येणाऱ्या गोडसर वाफेत डायमिथिल सल्फाइड असतं. सावलीत वाढलेल्या चहाच्या खास गंधातही हेच द्रव्य महत्त्वाचं. जपानी लोकांना त्या गंधात समुद्री शेवाळ आठवतं, आपल्याला कणीस आठवायला हरकत नाही, रेणू तोच आहे. हा गंध स्पष्ट असेल तर मळ्यावर खरोखर आच्छादन होतं असं मानायला आधार मिळतो.

कडूसाठी मेथीदाणे भिजवलेलं पाणी, तुरटासाठी डाळिंबाचा पापुद्रा, उमामीसाठी मीठ-साखर न घातलेलं टोमॅटोचं पातळ सार. जात्याच्या उष्णतेने बिघडलेल्या मालासाठी करपलेल्या भाकरीचा पापुद्रा हुंगावा. दमट जागेत राहिलेल्या मालाचा कुबट वास पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटातून मिळतोच.

आता या प्रत्येक शब्दाचं काम पाहा. कणसाचा गंध सावलीकडे बोट दाखवतो, तुरटपणा उन्हाकडे किंवा उशिराच्या तोडणीकडे, करपटपणा जात्याकडे, कडब्याचा वास साठवणुकीकडे. ‘मस्त’ हा शब्द कुणाकडेच बोट दाखवत नाही. चवीच्या शब्दाने कारणापर्यंत नेलं तर तो परीक्षणाचा शब्द. ‘मस्त’ने फक्त बोलणाऱ्याची आवड कळते.

घरी मांडायची चाचणी

चहाच्या चाचणीसाठी आयएसओ 3103 हे आंतरराष्ट्रीय मानक 1980 मध्ये आलं. 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम चहा, आणि 6 मिनिटं. ही चहा फक्कड होण्याची कृती नाही, उलट असा चहा जरा जास्तच कडक होतो. सगळे नमुने एकाच मापाने करायचे, म्हणजे दोष लपत नाहीत, एवढाच तिचा हेतू. आपल्याकडे दूध-साखर घालून उकळलेल्या चहात हे शक्य नसतं, कारण दुधातलं केसीन हे प्रथिन तुरट द्रव्यांना आधीच धरून ठेवतं आणि साखर कडूपणा झाकते.

माचा तपासतानाही दूध-साखर दूर ठेवायची. दोन ग्रॅम पूड, म्हणजे लहान चमचा सपाट भरून, बारीक गाळणीतून वाडग्यात चाळायची. पाणी 70 मिलिलिटर, 75 अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात, तिथून तिसऱ्यात ओतलं की बऱ्यापैकी उतरतं. उकळतं पाणी थेट ओतलं तर कडू-तुरट अंगावर येतं आणि नाजूक वास उडून जातात. घुसळायला जपानी लोक बांबूचा बारीक काड्यांचा ब्रश वापरतात. तो नसेल तर लहान रवीवर भागतं, फक्त सगळ्या नमुन्यांना तीच रवी हवी.

पाण्याची गोष्ट जतमध्ये जरा जपून. बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड असतं. जड पाण्यातल्या चहावर तवंग धरतो, रंग मळतो आणि चव बोथट होते. चाचणीसाठी हलकं पिण्याचं पाणी घ्यावं, आणि सगळ्या नमुन्यांना एकच पाणी वापरावं.

मग क्रमाने जायचं. आधी कोरडी पूड पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात. ताजा, चांगला माचा झळझळीत हिरवा दिसतो. पिवळट किंवा शेवाळी-तपकिरी झाक आली की समजायचं, हरितद्रव्य मोडायला लागलंय. चिमूटभर पूड बोटाने कागदावर ओढायची. बारीक दळलेली लांब, सलग पट्टा सोडते, जाडसर दळलेली तुटक. नंतर कोरडा वास, मग पाणी घालून घुसळल्यावरचा वास. फेस बारीक आणि सायीसारखा आहे की मोठ्या बुडबुड्यांचा, हे पाहायचं. पहिला घोट तोंडात फिरवून नाकाने श्वास सोडायचा, म्हणजे मागचं दार उघडतं. पहिल्या क्षणाला काय लागलं, मध्ये काय, गिळल्यावर किती वेळ काय उरलं, हे तीन वेळा वेगवेगळं लिहायचं. वाडगं कोमट झाल्यावर पुन्हा एक घोट. गरम असताना लपलेले दोष थंडाव्यात उघडे पडतात. दोन नमुन्यांच्या मध्ये कोमट पाणी आणि बिनमिठाच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. आधी तासभर तंबाखू, मसाला, ठेचा वर्ज्य.

डोळ्यांना झापड

परीक्षकाची सर्वांत मोठी अडचण म्हणजे त्याला आधीच माहीत असलेली किंमत. महाग डबी समोर असली की जीभ डबीच्या बाजूने साक्ष देते. म्हणून नमुन्यांना तीन आकडी क्रमांक देतात: 417, 862, 359. ‘एक-दोन’ किंवा ‘अ-ब’ दिले तर पहिला तो वरचढ असं मनात आपोआप बसतं. ऑलिव्ह तेलाचे परीक्षक निळ्या काचेचे पेले वापरतात, म्हणजे तेलाचा हिरवा रंग त्यांना भुलवत नाही. माचाची शेवटची चाचणीही अशीच गडद रंगाच्या कपात घ्यावी.

ही युक्ती नवी नाही. भिक्षू एइसाई 1191 मध्ये चीनहून जपानला परतले आणि त्यांच्यामुळे चहाची पूड घुसळून पिण्याची चाल तिथे रुजली. 1211 मध्ये त्यांनी चहाच्या गुणांवर ग्रंथही लिहिला. पुढे चौदाव्या शतकात तिथल्या बड्या लोकांत चहा ओळखण्याच्या पैजा लागू लागल्या. क्योटोजवळच्या तोगानोओचा चहा ‘खरा’, बाकीचा ‘इतर’. नाव न सांगता पेले पुढे यायचे आणि कोणता कुठला ते ओळखायचं. बक्षिसं आणि जुगार इतका बोकाळला की 1336 च्या सरकारी नियमावलीत अशा बैठकांवर बंदी घालावी लागली.

आजची ‘त्रिकोण चाचणी’ त्याच जातीची, फक्त पैज नाही. तीन पेल्यांपैकी दोन एकाच नमुन्याचे, एक वेगळा, आणि चाखणाऱ्याने वेगळा ओळखायचा. अंदाजपंचे सांगितलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच. म्हणून 12 वेळा चाखलं तर चार बरोबर उत्तरं नुसत्या नशिबाची. निदान 8 बरोबर आली, तर फरक खरोखर जाणवतो असं संख्याशास्त्र मानतं. महागड्या आणि स्वस्त माचात घरातल्या कुणालाच हा आकडा गाठता आला नाही, तर स्वस्त डबी घ्यावी.

आवडीला यात जागा आहे, पण वेगळ्या कागदावर. ‘अतिशय नावडतं’ पासून ‘अतिशय आवडतं’ पर्यंतची नऊ पायऱ्यांची पट्टी 1950 च्या सुमारास अमेरिकी सैन्याच्या अन्नसंशोधनातून आली. ती नेहमीच्या ग्राहकांसाठी वापरतात. प्रशिक्षित परीक्षकाला ‘आवडलं का’ हा प्रश्न विचारतच नाहीत.

दर्जा कशासाठी?

डबीवरचं ‘सेरिमोनियल’ किंवा ‘कलिनरी’ हे नाव विक्रेत्याने दिलेलं असतं. जपानी सरकारने त्याची व्याख्या केलेली नाही. पण त्यामागचा प्रश्न रास्त आहे: हा माल वापरायचा कशात? नुसत्या पाण्यात प्यायचा तर उमामी भरपूर, तुरट कमी, कण तोंडाला न लागणारा हवा. दूध, आइस्क्रीम किंवा केकमध्ये घालायचा तर तो नाजूकपणा दुधात बुडून जातो. तिथे कडू-तुरट, ठसठशीत पूडच उठून दिसते आणि पैसेही वाचतात. हाताने खायचा लांबट हिरवा बेदाणा आणि लाडवात-शिऱ्यात घालायचा बारीक बेदाणा यांचा भाव वेगळा असतो तो याच हिशेबाने.

समजा, एका नमुन्याची नोंद अशी झाली. ‘नमुना 862. कोरडा रंग हिरवा, किंचित पिवळट. पट्टा तुटक. वास: कणीस अगदी पुसट, कडबा स्पष्ट. पहिला घोट पाणचट, मग कडू मध्यम, तुरट जास्त आणि गिळल्यावरही बराच वेळ. उमामी नगण्य. जिभेवर रवाळ.’ यात कुठेही चांगलं-वाईट म्हटलेलं नाही, तरी निर्णय सगळा आहे. सावली कमी किंवा नाही, दळण जाड, माल जुना. पाण्यात पिण्याजोगा नाही. ताजा असता तर दुधात चालला असता.

असा कागद बेदाण्यालाही लावता येतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि सौद्यात भाव ठरतो तो मुख्यतः रंग नि आकारावर. शेडवाल्याने हंगामातल्या प्रत्येक लॉटला क्रमांक देऊन तोडणीच्या वेळची गोडी, डिपिंगची वेळ, सुकायला लागलेले दिवस, आणि शेजारी सालीचा चामटपणा, गोडी-आंबटाचा क्रम, गंधकाची झाक, मागे उरणारा स्वाद हे रकाने भरले, तर दोन-तीन हंगामांत त्याला कळेल की कुठल्या लॉटला चव कशामुळे आली. व्यापाऱ्याची अर्ध्या मिनिटाची पारख त्याच्यासोबत जाते. कागदावरची पारख पुढच्या फेब्रुवारीत डिपिंगच्या टाकीपाशी उपयोगी पडते.